पुढचा गुरुवार पास्काझियाच्या घरी

ते पेन आधी खाली ठेव, औडाक्स. हो, तुलाच म्हणतोय. लाइट गेलेत, कंदिलाची काच काळी झालीय, आणि हा पठ्ठ्या प्रार्थना-समूहाच्या वहीत माणसांच्या नावांवर रेघा मारत बसलाय. चार महिने प्रार्थनेला आला नाही, मार रेघ. कोणावर मारतोयस, तिबेंडा म्हाताऱ्यावर? अरे, त्याचे गुडघे गेलेत, श्रद्धा नाही गेली.

हसू नका. देलफिना, ती चघळायची कॉफीची बोंडं इकडे सरकव आणि दार लोटून घे. तुम्हाला वाटतं, अनातोली आजोबा म्हणजे चर्चची घंटा ओढणारा माणूस, त्याला वहीतलं काय कळतंय. खरंच नाही कळत. पण चाळीस वर्षांत या धर्मग्रामात कोण मेल्यावर घंटा वाजली आणि कोण मेल्यावर नाही वाजली, ते माझ्या तळहातांना ठाऊक आहे.

सांगणार नव्हतो. दहा वर्षांत फक्त दोघांना सांगितलंय. एक आपले बिशप. दुसरी माझी बायको, ती रडली. तुम्ही कराल ते करा, पण मधे बोलू नका. मधे कोणी बोललं की माझी जीभ अडते, आणि ही गोष्ट अर्धी सोडून झोपण्यासारखी नाही.

नोवाटसला तुम्ही पाहिलं असेल. हल्ली तिकडे मुवांझा शहरात मुलीकडे असतो. तेव्हा तो आपल्या या न्याकिगेरा वाडीच्या समूहाचा प्रमुख होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कुणाकडे मयत झालं की रात्रीच्या शेकोटीसाठी पहिला लाकडाचा भारा त्याच्या डोक्यावर यायचा. माझ्याच वयाचा, शाळेपासूनचा दोस्त. पण नियम म्हटला की याचं डोकं फिरायचं. गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना, दर आठवड्याला वेगळ्या घरी. जो येईल त्याची हजेरी, न येईल त्याची फुली. आणि माणूस मेला की प्रमुखाच्या सहीचं पत्र लागायचं, की हा समूहात येत होता. पत्र असेल तर फादर येणार, गायक येणार, मी घंटा वाजवणार. पत्र नसेल तर घरच्यांनी केळीच्या बागेत खड्डा खणावा आणि आपलं माणूस आपण पुरावं. मुकाट्यानं.

दोन हजार पंधरा साली आपल्या चर्चला पंच्याहत्तर वर्षं होणार होती. फादर अव्हिटसनी दोन वर्षं आधीच जाहीर केलं, की ज्या समूहाची हजेरी सगळ्यात भरलेली, तो समूह सणाच्या मिरवणुकीत पहिला. पताका घेऊन, बिशपांच्या पुढे. सव्वीस समूह होते. झालं, नोवाटसच्या डोक्यात ते खूळ शिरलं. खेळीमेळीनं घेतलं असतं तर ठीक होतं. यानं हिशेब मांडला, की फुल्या कोणामुळे पडतात? म्हाताऱ्यांमुळे, अंथरुणाला खिळलेल्यांमुळे. आता, आजारी माणूस येत नसेल तर समूहानं त्याच्या घरी जायचं, हाही नियमच होता की. पण ती घरं दलदलीच्या पलीकडे, ओंडक्यांच्या पुलावरून जायचं, बायका कुरकुरायच्या. म्हणून यानं त्या घरांची पाळी गाळायला सुरुवात केली. चार महिने गेले की नावावर रेघ. नाव नाही तर फुली नाही, आणि फुली नाही तर हजेरी भरलेली.

दोन वर्षांत अशा सात जणांवर रेघ पडली. आणि सातही जण, आपापल्या वेळेला, मेले. म्हातारेच होते, मरणारच होते. पण सातांपैकी एकालाही पत्र मिळालं नाही.

आणि याच्या स्वतःच्या घरात काय होतं सांगू? याची आई, पास्काझिया. पंच्याऐंशी वर्षांची. दोन वर्षं ती खाटेवरून उठली नव्हती. तिच्या नावापुढे दर गुरुवारी हजेरी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! आणि तिच्या घरची पाळीही हा टाळायचा. समूह घरी आला असता तर खाटेवरची म्हातारी सगळ्यांना दिसली असती, मग हजेरी कशी लावणार? ती बिचारी दर आठवड्याला विचारायची, नोवाटस, समूह आपल्याकडे कधी येणार रे? हा म्हणायचा, पुढच्या गुरुवारी.

ही पास्काझिया आणि पलीकडची लिओकाडिया, दोघी जिवाच्या मैत्रिणी. आपलं चर्च बांधलं तेव्हा दहा-दहा वर्षांच्या पोरी होत्या. तळ्याकाठच्या भट्टीतून विटा डोक्यावर घेऊन टेकडी चढायच्या, दिवसाला आठ खेपा. त्या भिंतीतली कुठली वीट कुणाची, यावरून म्हातारपणीही भांडायच्या. पास्काझियाची एकच इच्छा होती. ती मला कितीदा म्हणाली असेल, अनातोली, मला काही नको, मी मेले की तेवढी घंटा वाजव, आम्ही तिच्याखाली विटा रचल्यात.

लिओकाडिया सणाच्या वर्षी मे महिन्यात गेली. सातवी.

तिची मुलगी माझ्याकडे आली होती. पाया पडली. म्हणाली, काका, एकदाच ओढा दोरी, तीनच टोल. आणि मी… मी म्हणालो, पत्र आण. तोंड वर करून म्हणालो. नोवाटसला कशाला नावं ठेवू, त्याच्या हातात पेन होतं, माझ्या हातात दोरी होती. ओढली असती तर माझं काय जाणार होतं? ती गेली तशीच. लिओकाडियाला दुपारी पुरली, घरच्या पाच माणसांनी.

दोन दिवसांनी पास्काझियानं मुलाला विचारलं, लिओकाडिया गेली म्हणतात, मग घंटा कशी ऐकू आली नाही? हा म्हणाला, वारा उलटा होता, आई. पुढे मी भेटायला गेलो तर तिनं मलाही तेच विचारलं. मी खाली बघितलं. तिला कळलं. माझा हात धरून बसली होती, तो तिनं हळूच सोडला.

आता ती रात्र. तारीख सांगतो, कारण मी ती घंटेच्या खांबावर खिळ्यानं कोरून ठेवलीय. सहा ऑगस्ट दोन हजार पंधरा, गुरुवार. सणाला दहा दिवस उरले होते. पताका न्याकिगेराला मिळणार हे नक्की झालं होतं, आणि पताका शिवायला दलदलीपलीकडच्या शिंप्याकडे दिली होती. समूहाची प्रार्थना उरकून नोवाटस ती आणायला निघाला. बायको मुलीच्या बाळंतपणाला मुवांझाला गेलेली, म्हणून आईला केळी-घेवडा भरवला, पांघरूण घातलं, आणि मग गेला. शिंप्यानं चहा दिला. पताका पिवळ्या रेशमाची, खाली झालर. नोवाटस म्हणाला होता, अनातोली, ती हातात घेतली आणि मला रडूच आलं. खोटं नव्हतं ते. बारा वर्षं राबला होता समूहासाठी.

मोटारसायकलवाले त्या पुलावर येत नाहीत. हा चालत निघाला. सव्वानऊ वाजले होते. चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती. हातात बॅटरी, बगलेत पताकेची गुंडाळी. पावसाचा थेंब जूनपासून नव्हता, वाट खडखडीत वाळलेली. पुलाला लागायच्या आधी डाव्या हाताला लिओकाडियाचं घर. मुलगी सासरी परत गेल्यापासून घर बंद. दाराला बाहेरून तार गुंडाळलेली.

दार उघडं होतं. आत उजेड होता.

आणि आत प्रार्थना चालली होती. नमो मरिया, नमो मरिया… एकीनं सुरुवात करायची, बाकीच्यांनी पुरी करायची, आपण करतो तशीच.

तुम्हाला वाटेल तो घाबरला. छे. त्याला राग आला. माझ्या समूहात, गुरुवारी, मला न विचारता कोण प्रार्थना घेतंय? असा होता तो. तरातरा चालत दारापाशी गेला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, होदी, येऊ का आत?

आतून आवाज आला, करिबू, ये.

तो आत गेला. मधेच बोलायचं नाही, उशिरा येणाऱ्यानं गुपचूप मागे बसायचं, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून बसला. जमिनीवर ताजं गवत अंथरलं होतं. त्याच्या पुढे माणसं पाठमोरी बसलेली. आणि सवयीनं त्यानं मोजली. दर गुरुवारी मोजायचा ना. एक, दोन, तीन…

सात.

पहिल्या पाठीवर ठिगळ होतं. ते ठिगळ त्याच्या ओळखीचं. झकारियाचा कोट. झकारिया जाऊन दीड वर्ष झालं होतं.

त्याच्या शेजारी… नको. नावं घेत नाही. रात्रीची वेळ आहे. सातही ओळखीच्या. सातही नावांवर त्यानं स्वतःच्या हातानं रेघ मारलेली. आणि प्रार्थना सांगत होती, ती लिओकाडिया.

त्याची पाचावर धारण बसली. उठायला बघतो तर पाय नाहीतच जणू.  आणि सगळ्यात वाईट काय वाटलं माहितेय? तो म्हणाला, अनातोली, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. एकदाही. रागानं बघतील, शाप देतील, वाटलं. पण मी तिथे नव्हतोच त्यांच्या लेखी.

माळ संपली. शेवटी आपण करतो तसंच झालं. पुढची प्रार्थना कोणाकडे, ते सांगायची वेळ. लिओकाडिया म्हणाली, "पुढचा गुरुवार पास्काझियाच्या घरी. आजारी आहे ती. दोन वर्षं समूहाला बोलावतेय, कोणी गेलं नाही. आपण जाऊ."

बाकीचे म्हणाले, "जाऊ."

आणि दिवा गेला.

रात्री साडेदहाला माझं दार वाजलं. मी उघडलं तर हा उभा. शर्ट फाटलेला, एका पायात चप्पल नाही, पताका मात्र बगलेत तशीच. मी पाणी दिलं, ते त्याच्या हनुवटीवरून सांडलं. सगळं सांगितलं त्यानं. मी म्हणालो, "नोवाटस, उद्या सकाळी फादरांकडे जा. सात जणांचं काय केलंस ते सांग. त्यांच्या मातीवर प्रार्थना होऊ दे. गुरुवारच्या आत. ते तुझ्या आईसाठी येतायत."

त्यानं बगलेतली पताका मांडीवर घेतली. मग म्हणाला, "सांगतो. पण सणाचा रविवार होऊ दे. आत्ता सांगितलं तर पताका जाईल."

मी म्हणालो, तो रविवार गुरुवारनंतर येतो, मूर्खा. त्यालाही कळत होतं ते. पण माणसाचं असं असतं बघा, बारा वर्षं ज्याच्यासाठी झिजला ते हाताला लागलेलं असताना सोडवत नाही. दुसऱ्या दिवशी फादरांकडे गेला खरा, आणि काय मागून आणलं? पवित्र पाण्याची बाटली. घरात उंदीर फार झालेत, शिंपडायला हवंय, म्हणाला. उंदीर! फादर मांडव, जेवण, बिशपांची खोली यात बुडालेले, त्यांनी बाटली भरून दिली. आणि मी? मीही तोंड उघडलं नाही. तो सांगेल, त्यानंच सांगावं, असं म्हणत राहिलो. खरं कारण वेगळं होतं. फादरांनी विचारलं असतं, तू दोरी का नाही ओढलीस?

बुधवारी पास्काझियाला भेटून आलो. आवाज गेला होता तिचा, ईस्टरपासूनच नुसती कुजबुज. श्वास वरवर. पण डोळे चकाकत होते. मला जवळ बोलावलं आणि कुजबुजली, उद्या समूह येतोय आपल्याकडे. मी विचारलं, कोणी सांगितलं? ती नुसती हसली. मी तडक बाहेर आलो. नोवाटसनं तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

गुरुवार. तेरा ऑगस्ट. समूहाची खरी प्रार्थना नोवाटसनं रद्द केली, बारा वर्षांत पहिल्यांदा. दुपारी माझ्याकडे आला, म्हणाला, रात्री माझ्यासोबत बस. मी म्हणालो, कंबर धरलीय.

कंबर नव्हती धरली. भ्यालो होतो. जन्मभर सलत राहील ते.

त्यानं साडेआठला दार लावलं. अडसर घातला. खिडक्यांच्या फटीत पोती कोंबली. चारी कोपऱ्यांत पाणी शिंपडलं. आईच्या खोलीत डोकावला. ती जागी होती. म्हणाली, माझं चांगलं लुगडं काढून दे. यानं दिलं. नाही म्हणवलं नाही. मग बाहेरच्या खोलीत येऊन दाराकडे तोंड करून बसला. कंदील पायाशी. माळ हातात.

नऊ वाजले. काही नाही. कुत्री गप्प.

नऊ वाजून दहा.

सव्वानऊ…

"होदी."

हळू आवाजात. शेजारी येतात तसं.

होदीला करिबू आल्याशिवाय आपल्याकडे कोणी उंबरा ओलांडत नाही. जिवंत माणूस नाही आणि… नाहीच. नोवाटसला ते माहीत होतं. त्यानं शर्टाची बाही तोंडात कोंबली. श्वास धरला.

"होदी."

कंदील बारीक झाला. यानं हात लावला नव्हता.

शांतता.

खूप वेळ.

"होदी." तिसऱ्यांदा. तीन वेळा म्हणतात, मग परत जातात. रीत आहे. यानं मनात मोजायला घेतलं. दहापर्यंत मोजेन, तोवर जातील. एक. दोन. तीन. चार…

आणि आतल्या खोलीतून आवाज आला. कुजबुज नव्हे. खणखणीत. वीस वर्षांपूर्वीचा.

"करिबूनी! या, या सगळे."

आईचा.

अडसर हलला नाही. दार उघडलं नाही. पण त्याच्या बाजूनं काहीतरी गेलं. गार. चिखलाचा वास. एक… मग दुसरं… तो मोजत होता, सवय ना. सात.

मग आतून प्रार्थना सुरू झाली.

नमो मरिया…

पहिली फेरी लिओकाडियानं सांगितली. दुसरी झकारियानं. तिसरी… तिसरी आईनं. न अडखळता. मधेच दोघी हसल्या. कुठल्यातरी विटेवरून.

तो उठू शकला नाही. दहा पावलांवर आईची खोली. ऊठ, नोवाटस. ऊठ. नाही जमलं.

माळ संपली. पुढचा गुरुवार कोणाकडे, ते सांगायची वेळ आली. लिओकाडियाचा आवाज आला, पुढचा गुरुवार…

यानं दोन्ही कानांत बोटं घातली. गच्च. पहाटेपर्यंत काढली नाहीत.

कोणाचं घर सांगितलं, ते आजतागायत कोणाला माहीत नाही.

उजाडल्यावर तो आत गेला. दोन वर्षं खाटेवरून न उतरलेली बाई खाली जमिनीवर गुडघे टेकून होती. चांगलं लुगडं नेसलेली. कपाळ खाटेच्या कडेला टेकलेलं. गार पडली होती. खोलीत गवत अंथरलं होतं, ताजं, आणि ते त्यानं अंथरलं नव्हतं. सात जागी दबलेलं.

सणाला दोन दिवस. समूहाच्या चिटणिसानं घाईघाईनं पत्र लिहून आणलं, की पास्काझिया समूहात नियमित येत होती, खाली प्रमुखाची सही. म्हणाला, नोवाटस, सही कर, वही साक्षीला आहे. नोवाटस कागदाकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय चाललं असेल, तुम्हीच सांगा. आईची एक इच्छा, घंटा. त्याला एक सही लागते, ती त्याच्याच हातात. आणि ती सही खोटी. त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि तडक फादरांकडे गेला. मीही गेलो या वेळी. मांडवात पंधरा-वीस माणसं होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "मी सात माणसांना घंटेविना मातीत घातलं. माझी आईसुद्धा दोन वर्षं आली नव्हती. मी खोटी हजेरी लावली. माझ्याच नियमानं तिला घंटा नाही."

मग माझी पाळी. मी बोललो. जे बोललो ते बोललो.

फादर अव्हिटस खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "पत्राचा नियम माझा, नोवाटस. पताकेची टूमही माझी. आधी त्या सातांकडे चला." पताका तिथेच राहिली, कोणी तिचं नावही काढलं नाही. त्या शुक्रवारी आम्ही ओंडक्यांचा पूल चालत ओलांडला, फादर पुढे. एकेका केळीच्या बागेत गेलो, सात ठिकाणी प्रार्थना केली. निघालो तेव्हा वीस होतो, शेवटच्या घरी पोचलो तेव्हा दीडशे असू. लिओकाडियाच्या मुलीनं मला बघितलं. मी हात जोडले. तिनं माफ केलं का, ते मला अजून माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

शनिवारी सकाळी दहाला पास्काझियाला न्यायचं होतं. मी घंटेखाली दोरी धरून उभा. नोवाटस टेकडी चढून एकटा आला. दोन रात्री झोप नाही, डोळे खोल गेलेले. खिशातून ती घडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"सही नाहीये, अनातोली. करणार नाही मी. पत्राशिवाय ओढशील?"

मी म्हणालो, "ओढीन. आधीच ओढायला हवी होती."

तरी हातानं सवयीनं घडी उलगडली. तीस वर्षांची सवय.

प्रमुखाच्या सहीची जागा रिकामी नव्हती. तिथे अंगठे उठले होते. लाल चिखलाचे, शेजारी शेजारी, नीट एका ओळीत. मी मोजले. नोवाटसनंही मोजले. सात. कागद कालपासून त्याच्या खिशात होता आणि जूनपासून वाडीत चिखल नव्हता. तिसरा अंगठा अर्धाच होता. झकारियाचा अर्धा अंगठा तरुणपणी कोयत्याखाली गेला होता.

नोवाटस माझ्या पायाशी मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी दोरी ओढली. एक पास्काझियाची, आणि मग सात. हाताला फोड येईतो ओढली.

पत्र? घंटा वाजवणाऱ्याकडेच राहतं ते. रीत आहे. हे बघ, शर्टाच्या आतल्या खिशात, प्लास्टिकमध्ये. दहा वर्षं झाली. घाबरू नकोस, औडाक्स, घे. कंदील जवळ आण, देलफिना. आता त्या अंगठ्यांवर बोट ठेव. ठेव रे…

बघितलंस? अजून ओलं आहे.